मृदंग कुडाळात, नाटक कोल्हापुरात: अडतीस मिनिटांच्या दशावताराचं प्रकरण

दशावतार म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारं लोकनाट्य. ते करणारं हे पथक नऊ जणांचं. गावं कुडाळ, सावंतवाडी आणि मालवण तालुक्यांतली, मुक्काम कोल्हापुरात. चौघे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळ्यांवर, तिघे कॉलेजात, एक दवाखान्यात वॉर्डबॉय आणि एक मालवाहू टेम्पोवर. नऊ जणांपैकी दोघांनीच दशावतारी कंपनीत काम केलेलं: एकाने तीन हंगाम संकासूर हा विनोदी असुर केला होता, दुसरा राजपार्टी, म्हणजे राजाच्या भूमिका करणारा. बाकीच्यांनी लहानपणापासून जत्रेत रात्र रात्र बसून बघितलेलं, तेवढीच शिदोरी.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं आणि शहरातले कार्यक्रम शाहू स्मारक भवन, देवल क्लब, मैदानं, मंडप असे विखुरले. त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. जानेवारीत मैदानावर मंडप घालून तीन दिवसांचा लोककला महोत्सव होता. पथकाला निमंत्रण आलं सात आठवडे आधी. वेळ ४५ मिनिटं, त्यात रंगमंच लावण्या-काढण्याची ५ मिनिटं धरलेली. मानधन एकरकमी २०,००० रुपये. वेळ दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठची.

निमंत्रण हातात पडल्यावर पथकाने पहिल्यांदा कोण काय करणार हे ठरवलं. इथेच उलटा क्रम लागला आणि पुढच्या निम्म्या अडचणी यातूनच निघाल्या.

हंगामाची आडकाठी

दशावताराला पायपेटी, मृदंग आणि झांज लागते. मृदंग म्हणतात तो पखवाजच. झांज पथकातला एकजण वाजवू शकत होता. पेटी आणि मृदंगासाठी कोल्हापुरात माणूस नव्हता. शहरात तबलजी भरपूर, भजनातले पखवाजवालेही आहेत, पण दशावताराच्या युद्धाचा आणि प्रवेशाचा ठेका त्यांच्या हातात नसतो. तो शिकवून सात आठवड्यांत बसत नाही.

मग गावाकडे फोन गेले. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की कंपन्यांच्या तारखा लागतात त्या शिमग्यापर्यंत आणि पुढेही. डिसेंबर-जानेवारीत चांगला मृदंगवाला रोज वेगळ्या गावात असतो. पहिल्याच फोनवर उत्तर आलं, "माका जमाचा नाय रे. तुळशीचा लगीन झाला काय आमका फुरसत खंय?" शहरातल्या महोत्सवांचा हंगाम आणि कोकणातल्या जत्रांचा हंगाम एकच आहे. बाहेर राहणाऱ्या प्रत्येक दशावतारी पथकाला ही आडकाठी लागते आणि दर वेळी ती नव्याने कळल्यासारखी कळते.

पंधरा दिवसांच्या खटपटीनंतर कंपनीतून निवृत्त झालेले एक मृदंगवाले तात्या तयार झाले आणि त्यांच्याबरोबर एक पेटीवाला. अट एकच: प्रयोगाच्या दिवशी सकाळी निघायचं, त्याच रात्री परत. तालमीला येणार नाहीत.

कपड्यांचंही तेच झालं. कंपनीचा पेटारा रोज रात्री कंपनीबरोबर फिरतो, त्यामुळे हंगामात मुकुट, भुजकीर्ती (खांद्यावरचे दागिने) उसने मिळत नाहीत. कोल्हापुरातल्या ड्रेपरीवाल्याकडे कपडे रग्गड, पण तिथला 'राजा' म्हणजे शिवकालीन: जिरेटोप, अंगरखा, शेला. ते विष्णूला घातले असते तर मंडपात वेगळाच गोंधळ झाला असता आणि तो पथकाला झेपला नसता. शेवटी ड्रेपरीतून पितांबर, शेले आणि दागिने घेतले. मुकुट आणि गणपतीचा मुखवटा सावंतवाडीहून एका बंद पडलेल्या कंपनीच्या घरून आला. संकासुराचा पोशाख कोल्हापुरातच शिवला. काळं पॉपलिन ६ मीटर पुरतं: पायजमा, सैल सदरा आणि डोक्यावरून गळ्याखाली येणारा बुरखा. त्यावर पांढरे डोळे आणि लाल साटिनची वीतभर जीभ. बुरख्याला नाकाखाली आडवी चीर ठेवावी, वरून जीभ शिवली की ती दिसत नाही. चीर नसेल तर दहा मिनिटांत आतला माणूस गुदमरतो आणि शब्दही बाहेर येत नाहीत.

रात्रभराचं नाटक ४० मिनिटांत

गावात पालखी झाल्यावर नाटक उभं राहतं आणि पहाटे दहीकाल्याने संपतं. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग: नाईकाचं (सूत्रधार-गायकाचं) नमन, रिद्धी-सिद्धीसह गणपती, सरस्वती, भटजी, संकासूर, विष्णू. मग रात्रभर आख्यान. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरते, प्रवेश ठरतात, बाकी सगळं उभ्या उभ्या.

पथकाने आधी सगळंच थोडं थोडं घ्यायचं ठरवलं. आडदशावतार १५ मिनिटांत, आख्यान २५ मिनिटांत. पहिली तालीम १ तास ५० मिनिटं चालली. दुसऱ्या वेळी धावत केली तरी १ तास १०. शहरात दशावतार करणारी बहुतेक पथकं इथे फसतात. उभ्या उभ्या बोलण्याला वेळ लागतो. राजा स्वतःची ओळख करून देतो, प्रधान दुजोरा देतो, मग मुद्दा येतो. हे आवळलं की नुसता सारांश उरतो, आणि सारांश बघायला कुणी थंडीत बसत नाही.

तिसऱ्या आठवड्यात आख्यान पूर्ण काढून टाकलं. राजपार्टीवाल्याला हे लागलं, कारण त्याचा अख्खा भाग गेला. त्याला विष्णू दिला. उरलं ते असं: नाईकाचं नमन ३ मिनिटं, गणपती आणि रिद्धी-सिद्धी ७, भटजी-नाईक-संकासूर १४, विष्णूचा प्रवेश आणि त्याचं संकासुराशी युद्ध ९, दहीकाला ५. एकूण ३८. सर्वांत मोठा तुकडा संकासुराला दिला, आणि ते बरोबर होतं. संकासूर मालवणीत बोलतो, बाकीची पात्रं प्रमाण मराठीत. अनोळखी गावात प्रेक्षकाला धरून ठेवणारं पात्र हेच.

आयोजकांनी संहिता मागितली. नाटकाला संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाच्या प्रमाणपत्राची सवय असलेले लोक ती मागणारच. पथकाने 'आमच्यात संहिता नसते' एवढं सांगून आठवडा घालवला. मग दोन पानांचा आराखडा दिला: पात्रं, प्रवेशांचा क्रम, प्रत्येक प्रवेशाचा वेळ, गाण्यांचे मुखडे, आणि कुणाच्या भावना दुखावेल असं काही नाही याची एक ओळ. लगेच मान्य झाला. पहिल्याच दिवशी दिला असता तर फोनाफोनी वाचली असती.

मालवणी किती?

कोल्हापूरकर मालवणी ऐकतो, हसतो, पण 'खंय', 'झील', 'चेडू', 'वायंच' पाठोपाठ आले की सुटतो. संकासुराचं बोलणं पातळ करून कोल्हापुरी-मालवणी करायचा प्रस्ताव आला. तो टाकून दिला हे चांगलं झालं, कारण पातळ मालवणी ना इकडची ना तिकडची. त्याऐवजी नाईकाला कामाला लावलं. संकासूर म्हणणार, "माजो झील खंय गेलो?" नाईक प्रेक्षकांकडे बघून विचारणार, "मुलगा कुठे गेला म्हणतोस?" नाईक हे एरवीही करतो, इथे दर दोन वाक्यांना करायचं ठरलं.

स्थानिक विनोद एकच ठेवला, गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचा. म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध प्यायला देतात हे कोल्हापुरात पोरालाही माहीत असतं.

नाईक: एवढा दमलास, काही घेणार का?
संकासूर: च्याय आसा?
नाईक: चहा नाही, ताजं दूध आहे.
संकासूर: खंय आसा?
नाईक: ही काय समोर उभी आहे.
संकासूर: ह्या दूध? ह्येका शिंगा आसत मरे!

हे चार वेळा तालमीत केलं आणि मग थांबवलं. उभ्या उभ्या बोलण्याच्या नाटकात विनोदाची जास्त तालीम घेतली की तो पाठ केल्यासारखा वाजतो. फक्त संकासुराने कुठे वळायचं आणि म्हैस कुठल्या बाजूला आहे असं धरायचं तेवढं पक्कं केलं.

तालमीत तालीम

जागा मिळाली पेठेतल्या एका तालमीच्या वरच्या खोलीत. संध्याकाळी खाली जोर-बैठका, वर रिद्धी-सिद्धीचा नाच. भाडं नाही, फक्त साडेनऊला दिवे बंद. सुट्टीचा वार सगळ्यांचा एक नव्हता आणि पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या, त्यामुळे नऊच्या नऊ जण सात आठवड्यांत चारदाच एकत्र आले. उरलेल्या तालमी तुकड्यांच्या: नाईक-संकासूर वेगळे, गणपतीचा प्रवेश वेगळा, युद्ध वेगळं. तुकड्यांनी हे बसतं, फक्त नाईकाने सगळीकडे हजर राहावं लागतं, कारण दोन तुकड्यांमधला सांधा त्याच्याकडे असतो.

मृदंगाशिवाय तालीम कशावर घ्यायची? एकदा व्हिडिओ कॉल लावून बघितला. तात्या कुडाळात वाजवतायत, पथक कोल्हापुरात नाचतंय. आवाज उशिरा पोचतो, पाऊल त्याहून उशिरा, आणि ते तात्यांना दिसेपर्यंत आणखी उशीर. दहा मिनिटांत दोन्हीकडून बंद. मग तात्यांनी नऊ मिनिटांचं युद्ध मोबाइलवर वाजवून पाठवलं. त्या रेकॉर्डिंगवर पाच आठवडे युद्ध बसवलं. छान बसलं. प्रयोगात सर्वांत वाईट गेलं ते हेच, त्याकडे पुढे येऊ.

पेटीचं दुखणं वेगळं. तालमीला उसनी हातपेटी आणून पथकातलाच एक मुलगा वाजवायचा. हातपेटीत डावा हात भात्यात अडकतो, पायपेटीत दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे असतात. पायपेटीचा भरणा दुप्पट वाटतो, लयही आपोआप चढते. पाच आठवडे बारीक आवाजावर गायलेला नाईक प्रयोगात पायपेटी ऐकून नेहमीपेक्षा जोरात गायला आणि संकासुराच्या प्रवेशापर्यंत त्याचा गळा बसत आला. तालमीत निदान रेकॉर्ड केलेली पायपेटी स्पीकरवर मोठ्याने लावायला हवी होती.

प्रयोगाचा दिवस

कुडाळहून फोंडा घाटाने दाजीपूर-राधानगरी करत किंवा करूळ घाटाने गगनबावड्यावरून येता येतं. गाडीने चार तास धरावेत, घाटात काम किंवा दरड असेल तर जास्त. गाडी सकाळी सातला निघाली, साडेअकराला मैदानावर. एवढ्या लवकर येण्याचं कारण माणसं नव्हे, मृदंग. कोकणातली दमट हवा सोडून घाटावर आलं की चामडं सुकून ताणतं आणि स्वर चढतो. खोळ काढून तीन-चार तास सावलीत ठेवला की तो स्थिरावतो, मग गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सुरात आणायचा. रात्री मैदानावर दव उतरायला लागलं की स्वर पुन्हा खाली येतो, म्हणून प्रयोगाआधी दहा मिनिटं दुसऱ्यांदा बघायचा. मृदंगाच्या डाव्या तोंडावरची कणीक ऐन वेळी लावावी. मूठभर मळून ओल्या फडक्यात ठेवली होती. मंचावरच्या दिव्यांखाली आधीच लावून बसलं की ती वाळून सुटते आणि धुमारा, म्हणजे घुमणारा खर्ज, जातो. तात्यांनी हे सगळं न सांगता केलं. पथकातल्या कुणालाही त्यातलं काही माहीत नव्हतं.

रंगाचा घोटाळा मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हता. तोंडाचा सफेदा म्हणजे झिंक ऑक्साइडची पूड, ती खोबरेलात कालवतात: एका चेहऱ्याला दोन चमचे पुडीला पाऊण चमचा तेल. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. किनारपट्टीवर त्याचा सहसा त्रास होत नाही. कोल्हापुरात जानेवारीच्या संध्याकाळी बाटलीत पांढरा दगड झाला, जबरदस्तीने कालवलेल्या रंगात गुठळ्या आल्या आणि रिद्धीच्या गालावर भिंतीला पोपडे यावेत तसं दिसायला लागलं. चहावाल्याकडून गरम पाणी आणून बाटली त्यात उभी केली, वाटीही गरम पाण्यावर ठेवली, तेव्हा रंग नीट झाला. वीस मिनिटं गेली. थंडीत रंगाबरोबर थर्मास ठेवावा, एवढंच.

माइकचं आधी ठरवलं होतं आणि ते जमलं. संकासुराला कॉलरचा माइक बुरख्याच्या आत लावला की कापड घासून खरखर येते. काळ्या कपड्यावर काळा माइक लांबून दिसत नाही, म्हणून तो बाहेरून छातीवर लावला. बाकीच्यांना माइक नाहीत. मंचावर मांडलेल्या बाकड्याच्या वर दोन टांगलेले, पुढे दोन जमिनीवर, मृदंगाला एक, पेटीला एक.

क्रमाचा प्रश्न दुपारी कळला. पथकाच्या आधी मर्दानी खेळ होता: दांडपट्टा, लाठी, तलवारी, सगळं खरं आणि सफाईचं. त्यावर लगेच लाकडी तलवारीचं युद्ध म्हणजे हसं. पथकाने आयोजकांना विनंती करून मधे भारूड घालून घेतलं. हे कार्यक्रमपत्रिका छापली जाते त्या आठवड्यातच विचारायचं असतं. दुपारी चारला मान्य झालं ते केवळ भारूडवाल्यांना लवकर घरी जायचं होतं म्हणून.

साडेआठची वेळ सत्कारांनी खाल्ली. शाल, श्रीफळ, दोन भाषणं. प्रयोग सुरू झाला ९ वाजून १९ मिनिटांनी. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा १२ पर्यंत सैल करू शकतं, पण हा दिवस त्यात नव्हता. साउंडवाला दहाला बटण बंद करणार हे पक्कं होतं. पथकाने कापायच्या जागा आधीच ठरवल्या होत्या: पहिली भटजीची पूजा, दुसरी रिद्धी-सिद्धीचा दुसरा नाच, तिसरी दहीकाला. झांजवाल्याच्या मनगटावर घड्याळ, तो झांज दोनदा बंद वाजवणार, म्हणजे पुढची जागा गाळायची. रिद्धी-सिद्धीचा दुसरा नाच गाळला, तीन मिनिटं वाचली.

मग युद्ध. दशावतारात मृदंगवाला नटाच्या पायाकडे बघून वाजवतो. पाऊल पडलं की थाप, गिरकी सुटली की चक्रदार बोल, नट दमला की ठेका थोपवून धरायचा. पथकाने पाच आठवडे रेकॉर्डिंगवर सराव केलेला. रेकॉर्डिंग कुणाच्या पायाकडे बघत नाही, त्यामुळे विष्णू आणि संकासूर या दोघांना थापेची वाट बघायची सवय लागली होती. मंचावर विष्णू थांबला थापेसाठी, तात्या थांबले पावलासाठी. दोन-तीन सेकंद मंचावर काहीच हललं नाही. मग तात्यांनी स्वतःच एक थाप दिली, विष्णूने पाऊल टाकलं, आणि पुढची सहा मिनिटं युद्ध तात्यांच्या मागे मागे चाललं. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. जाणकाराला कळलं की युद्ध मृदंगाने लढवलं, नटांनी नाही.

त्याआधी म्हशीच्या विनोदाला मंडप हसून दणाणला होता. दहीकाला तीन मिनिटांत उरकला. शेवटची झांज ९ वाजून ५५ मिनिटांनी.

हिशेब

गाडी जाऊन-येऊन ७,५००, दोघा साथीदारांची बिदागी ६,०००, ड्रेपरी आणि शिलाई ३,२००, रंग व किरकोळ ९००, अकरा जणांचं आणि गाडीवाल्याचं दोन वेळचं जेवण व चहापाणी २,९५०. एकूण २०,५५०. मानधनापेक्षा ५५० जास्त, आणि एमआयडीसीतल्या चौघांचा एकेक दिवस बुडाला तो वेगळा. मानधन एकाच्या बँक खात्यात सात आठवड्यांनी आलं. गाडीवाल्याला मात्र त्याच रात्री रोख द्यावे लागतात, तात्यांनाही. ते पैसे टेम्पोवाल्याने स्वतःचे घातले. प्रवासखर्च मानधनातून वेगळा काढून आयोजकांनी थेट गाडीवाल्याला द्यावा, असं पत्रात लिहून घेता आलं असतं. बाहेरगावाहून येणाऱ्या कलाकारांसाठी तसं करतात. पथकाचा पत्ता कोल्हापूरचा, म्हणून हा मुद्दा कुणाला सुचलाच नाही. नाटकाची बहुतेक माणसं कोल्हापूरची आणि निम्मा आवाज कुडाळचा, हे आयोजकांच्या कागदावर कुठेच दिसत नव्हतं.

एका रविवारी युद्धाचे दोघे आणि नाईक सकाळच्या एसटीने कुडाळला जाऊन तात्यांच्या अंगणात दोन तास करून आले असते, तर दीड हजाराच्या आत काम झालं असतं. तात्यांना कोल्हापूरला आणायचा खर्च सगळ्यांनी मोजला होता. आपण तात्यांकडे जायचा खर्च कुणी मोजला नाही.

पुढच्या वर्षीचं निमंत्रण ऑगस्टमध्येच आलं आहे. या वेळी पथकाने आधी तात्यांना फोन केला, त्यांच्या मोकळ्या तीन तारखा घेतल्या आणि त्याच आयोजकांना कळवल्या. तालमीचा एक रविवार कुडाळात ठरला आहे. पात्रांची यादी अजून कोरी आहे.